शेजाऱ्याला कायदा पाळू द्यावा

ऑनलाइन पोकरचे दुकान काढावे असा विचार आपल्या मनात घोळत असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन, आणि लगोलग एक विनंती: देखणी टेबले, पाने चोख पिसणारे सॉफ्टवेअर आणि तत्पर ग्राहकसेवा असल्या किरकोळ गोष्टींच्या मागे लागून उमेदीची वर्षे वाया घालवू नयेत. हा धंदा ज्या देशाच्या पैशावर वाढला, त्या अमेरिकेचा अनुभव असे सांगतो, की या क्षेत्रात पहिला क्रमांक पटकावण्यासाठी प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस असावे लागत नाही. प्रतिस्पर्ध्याने कायदा आपल्यापेक्षा थोडा अधिक मनावर घेतला, की काम झाले.

धंद्याचे स्वरूप आधी समजून घ्यावे. पोकरमध्ये दुकानदार स्वतः खेळत नाही. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि दुकानदार डावातून आपला वाटा काढून घेतो. त्याला तिकडे रेक म्हणतात, आपल्याकडच्या पत्त्यांच्या क्लबात नाल म्हणतात. खाणावळीत गिऱ्हाईक एकटे बसूनही जेवू शकते. पोकरच्या टेबलावर मात्र दुसरे गिऱ्हाईक हेच ताटातले अन्न असते. त्यामुळे पहाटे तीन वाजताही ज्या साइटवर टेबले भरलेली दिसतात तिथेच सगळे जातात, आणि सगळे जातात म्हणून टेबले भरलेली राहतात. कच्च्या खेळाडूंना या व्यवसायात मासे म्हणतात, आणि जिथे मासे तिथे बगळे हे काही वेगळे सांगायला नको. गर्दी एकदा एका दारातून दुसऱ्या दाराकडे वळली, की तिला माघारी आणणे जवळजवळ अशक्य असते. ती वळवण्याचे जाहिराती, बोनस, नामांकित खेळाडूंना पगारावर ठेवणे असे पुष्कळ मार्ग आहेत, पण ते सारे खर्चिक आहेत. स्वस्त मार्ग एकच, तो म्हणजे अमेरिकन संसदेची दोन सभागृहे, प्रतिनिधिगृह आणि सिनेट.

पत्ता निवडताना मात्र आळस करू नये. पैसे लावून खेळला गेलेला पहिला ऑनलाइन डाव १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर या साइटवर वाटला गेला, आणि तेव्हापासूनचा शिरस्ता असा, की गिऱ्हाईक टेनेसीत किंवा टेक्सासमध्ये बसावे आणि दुकान जिब्राल्टरच्या खडकावर, कोस्टा रिकात, आइल ऑफ मॅनवर, ऑल्डर्नी नावाच्या इवल्याशा बेटावर किंवा मॉन्ट्रियलशेजारच्या मोहॉक लोकांच्या कानावाके या वसाहतीत असावे. कानावाके येथील गेमिंग आयोगाची स्थापना १९९६ सालची, म्हणजे तो पहिल्या डावाच्याही आधीचा. वऱ्हाड निघण्यापूर्वीच मांडव घालून ठेवणारे यजमान इतके दूरदर्शी क्वचितच असतात.

जाहिरातीबाबत एक युक्ती सांगतो, जी माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत निरागस युक्ती आहे. जून २००३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने प्रसारकांच्या संघटनेला पत्र लिहून बजावले, की परदेशी जुगार साइटच्या जाहिराती दाखवणे हे गुन्ह्याला साह्य ठरू शकेल. गंमत म्हणजे याच वर्षी टेनेसीतील ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस (आडनाव खरेच मनीमेकर आहे, मी रचलेले नाही) पोकरस्टार्स या साइटवरील एका स्वस्त पात्रता स्पर्धेतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज या पोकरच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत पोहोचला आणि ८३८ स्पर्धकांना मागे टाकून २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. सारा देश पोकरसाठी वेडा झालेला आणि जाहिरात मात्र करायची नाही, अशा पेचात साइटवाल्यांनी आपल्या नावामागचे डॉट कॉम काढून डॉट नेट लावले. डॉट नेटवर खोट्या चिपा लावून फुकट पोकर शिकवला जाई. टीव्हीवर अंतिम टेबलाभोवती बसलेल्या बहाद्दरांच्या सदऱ्यांवर आणि टोप्यांवर डॉट नेट झळके, जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ही जुगाराची साइट नसल्याची ग्वाही दिलेली असे, आणि नेटऐवजी कॉम टाइप करण्याइतकी अक्कल प्रेक्षकांना असेल यावर सर्व पक्षांचा मूक विश्वास असे. आपणही असे एक शैक्षणिक दुकान शेजारी जरूर उघडावे. ज्ञानदानाला कोण हरकत घेणार?

आता प्रामाणिकपणाचे दुष्परिणाम पाहू. त्या काळी पहिल्या क्रमांकावर पोकरस्टार्स नव्हे, तर पार्टीपोकर होते. त्यांचे सॉफ्टवेअर उभे करणारे अनुराग दीक्षित हे दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर, त्यांचे सहकारी विक्रांत भार्गव हेही तिथलेच, आणि कंपनीचे मोठे कामकाज हैदराबादेतून चाले. म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकाची निकालात निघालेली रात्र आपल्याकडे ऐन ऑफिसच्या वेळेत हाताळली जात असे. या मंडळींनी एक अक्षम्य चूक केली. जून २००५ मध्ये त्यांनी पार्टीगेमिंग ही आपली कंपनी लंडनच्या शेअर बाजारात नोंदवली. तिचे मूल्य साडेचार अब्ज पौंडांच्या वर गेले आणि सप्टेंबरात ती ब्रिटनच्या अव्वल शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. नोंदणीच्या माहितीपत्रकात त्यांनी सरळ लिहून टाकले होते, की अमेरिकेसह अनेक देशांतील यंत्रणा आमचा व्यवसाय बेकायदा समजतात. गुंतवणूकदारांनी ते वाचले, मान डोलावली आणि शेअर घेतले. तेव्हा आपणांस पहिला कळकळीचा सल्ला असा, की कंपनी बाजारात नोंदवू नये. नोंदवलेल्या कंपनीला लेखापरीक्षक असतात, संचालक असतात, निवृत्तिवेतन निधीसारखे भागधारक असतात, आणि कायदा बदलला की यांपैकी कोणीतरी तो वाचतो.

तो बदलला २००६ साली, आणि कसा बदलला हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर संपता संपता, अधिवेशन गुंडाळून सगळे निवडणुकीसाठी घरी निघालेले असताना, सिनेटचे बहुमतातील नेते बिल फ्रिस्ट यांच्या पुढाकाराने इंटरनेट जुगारविषयक तरतुदी बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला जोडण्यात आल्या. अतिरेक्यांचे कंटेनर रोखण्याच्या विरोधात मतदान कोण करणार? बंदरांबरोबर पोकरही सुरक्षित झाला. १३ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष बुश यांनी सही केली. या कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवले नाही. बेकायदा इंटरनेट जुगाराचे पैसे स्वीकारणाऱ्याला ठरवले. बेकायदा जुगार म्हणजे नेमके काय, याचे उत्तर स्थूलमानाने असे होते, की जो जुगार अन्य कोणत्या तरी कायद्यान्वये बेकायदा आहे तो. घोड्यांच्या शर्यतींना धक्का लागणार नाही याची काळजी घेण्यात आली, फँटसी खेळांना वगळण्यात आले, राज्यांतर्गत जुगाराला वाट ठेवण्यात आली. ज्यांची माणसे वॉशिंग्टनमध्ये होती त्यांचा खेळ कौशल्याचा किंवा परंपरेचा ठरला. ज्यांची माणसे जिब्राल्टरला होती त्यांचा जुगार. यावरून आपण काय तो बोध घ्यावा आणि कार्यालयासाठी जागा शोधताना बेटांच्या जोडीला वॉशिंग्टनचाही विचार करावा.

बातमी आली त्या सोमवारी, २ ऑक्टोबरला, पार्टीगेमिंगचा शेअर एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळला. सही होताच कंपनीने अमेरिकन गिऱ्हाइकांना दार बंद केले. उत्पन्नाचा बहुतांश भाग ज्यांच्याकडून येत होता त्यांनाच. नोंदणीकृत असलेल्या इतर कंपन्यांनीही तेच केले. आणि खासगी कंपन्यांनी? पोकरस्टार्स, फुल टिल्ट, अॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट यांनी वकिलांचा सल्ला घेतला. कायदा ‘नशिबावर अवलंबून असलेल्या खेळा’बद्दल बोलतो, पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, सबब हा कायदा आम्हांला लागूच नाही, असे मत त्यांना मिळाले. पोकरच्या इतिहासातील सर्वांत मौल्यवान पान कोणते, असे कोणी विचारले तर मी एक्का किंवा राजा म्हणणार नाही. वकिलाच्या लेटरहेडवर टंकलेले ते पान म्हणेन.

त्या आठवड्यात पार्टीपोकरच्या टेबलावर युरोपातला एखादा सराईत खेळाडू बसला असता तर त्याला काय दिसले असते, याची कल्पना करावी. कालपर्यंत तासन् तास रांग लागणारी टेबले आज अर्धी रिकामी. उरलेल्या खुर्च्यांवर त्याच्यासारखेच सराईत बसलेले, सगळे सावध, सगळे हिशेबी, कोणीच चुकत नाही आणि म्हणून कोणीच जिंकत नाही, दुकानदाराचा रेक तेवढा कापला जातो आहे. मासे गेले कुठे? ते शेजारच्या दुकानात गेले. मग हा बगळा तरी इथे काय करणार? त्याच्या देशात कोणताही कायदा बदललेला नव्हता, त्याला पार्टीपोकरने हाकललेही नव्हते. तरी तोही गेला. पोकरस्टार्सला सॉफ्टवेअरमध्ये एकही ओळ न बदलता पहिला क्रमांक मिळाला. सुंठीवाचून खोकला जाणे म्हणतात ते हेच, आणि इथे सुंठ सिनेटने स्वखर्चाने उगाळली होती. आज्ञाधारक दुकानदार दोन आठवड्यांत निघून गेले. बँकांनी काय करायचे याचे अंतिम नियम मात्र नोव्हेंबर २००८ मध्ये निघाले आणि ते पाळण्याची मुदत लांबत लांबत १ जून २०१० वर गेली. जवळपास चार वर्षे कायदा फक्त कायदा पाळणाऱ्यांनाच लागू होता.

मागे उरलेल्यांत सगळेच सारखे नव्हते, हेही आपल्या पथ्यावर पडणारे आहे. स्पर्धा आटली की गिऱ्हाइकाला जे मिळेल ते गोड मानून घ्यावे लागते. २००७ साली अॅब्सोल्यूट पोकरवरील एका स्पर्धेत एका खेळाडूने, हातात दहाच्या वरचे पान नसताना, म्हणजे जवळजवळ रिकाम्या हाताने, समोरच्याची सर्वस्व पणाला लावलेली थाप ओळखून शेवटचा डाव जिंकला. हरलेल्याने आपल्या डावांची नोंद मागितली, तर त्याला चुकून सगळ्यांची झाकलेली पाने दाखवणारी फाइल मिळाली. ती वाचणाऱ्यांच्या लक्षात आले, की विजेत्याला सर्वांची पाने दिसत असल्याखेरीज असे खेळता येणे शक्य नाही; आणि तसेच निघाले. पाठोपाठ अल्टिमेटबेटवरही तोच प्रकार उघड झाला, आणि त्यात कानावाकेच्या आयोगाने मुख्य ठपका रस हॅमिल्टन यांच्यावर ठेवला, जे १९९४ सालचे जगज्जेते होते आणि ज्यांना बक्षिसात आपल्या वजनाइतकी चांदी मिळाली होती. आयोगाने दंड केले, परवाने ठेवले. तिथली दुकाने चालू राहिली, कारण पार्टीपोकरसारखी आज्ञाधारक दुकाने अमेरिकन गिऱ्हाइकाला दार बंद करून कधीच निघून गेली होती.

पैसे कसे घ्यावे हा पुढचा प्रश्न. जानेवारी २००७ मध्ये नेटेलर या पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांना अटक झाली आणि सरळ वाट बंद झाली. कार्ड कंपन्या जुगाराच्या व्यवहारावर ७९९५ हा सांकेतिक क्रमांक लावतात आणि त्यावरून बँक तो नाकारू शकते. तेव्हा व्यवहार जुगाराचा नसावा. पुढे सरकारी आरोपपत्रात म्हटले, की दागिने, गोल्फचे चेंडू असल्या वस्तू विकणारी ऑनलाइन दुकाने कागदावर उभी करण्यात आली होती, आणि पोकरचे पैसे त्यांच्या नावे वळते होत होते. महिन्याच्या शेवटी एखादी गृहिणी नवऱ्याचे कार्डाचे बिल पाहून, या माणसाने इतके गोल्फचे चेंडू घेतले कधी आणि ठेवले कुठे, असे विचारत असेल, तर तो प्रश्न न्याय खात्याच्याही आधीचा मानावा लागेल. चेंडूंचा कंटाळा आल्यावर मध्यस्थांनी अडचणीतल्या छोट्या बँका गाठल्या. युटा राज्यातील सेंट जॉर्ज येथील सनफर्स्ट बँकेत, आरोपपत्रानुसार, सुमारे १ कोटी डॉलर गुंतवण्याच्या बोलीवर हे काम मिळवण्यात आले. युटा हे असे राज्य आहे, की जिथे साधी लॉटरीसुद्धा चालत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये ती बँक नियामकांनी बंद केली.

इथे फुल टिल्टचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. मध्यस्थ एकामागून एक पकडले जात असल्याने खेळाडूंच्या खात्यातून पैसे खेचणे कठीण झाले. पण पैसे आले नाहीत म्हणून खेळाडूला थांबवले, तर तो उठून पोकरस्टार्सवर जाणार. तेव्हा फुल टिल्टने पैसे आले असे समजून खात्यात रक्कम दाखवली. अशी न आलेली रक्कम सुमारे १३ कोटी डॉलरपर्यंत गेली. खेळाडू त्या हवेतल्या पैशांनी खेळले, काही जण ती हवा जिंकले, आणि जिंकल्यावर त्यांनी खरे पैसे मागितले. मार्च २०११ अखेर कंपनी जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत सुमारे ६ कोटी होते. सरकारच्या म्हणण्यानुसार त्याआधीच्या चार वर्षांत मालकमंडळींनी आपसांत सुमारे ४४ कोटी वाटून घेतले होते. थाप मारणे हा पोकरचा आत्मा आहे, हे मान्य करूनही ही थाप जरा मोठी होती.

१५ एप्रिल २०११ हा दिवस, ज्याला खेळाडू ब्लॅक फ्रायडे म्हणतात, तो आपल्यासाठी खरे तर शुभमुहूर्त आहे. आपल्या फिरोजपूरमध्ये जन्मलेले न्यूयॉर्कचे सरकारी वकील प्रीत भरारा यांनी या साइटचे चालक आणि पैशांचे मध्यस्थ अशा ११ जणांविरुद्धचे आरोपपत्र खुले केले, आणि लॉगिनच्या पानावर एफबीआय व न्याय खात्याच्या मुद्रा झळकू लागल्या. फुल टिल्ट कोसळले. अॅब्सोल्यूटच्या खेळाडूंना पैशांसाठी २०१७ साल पाहावे लागले. पोकरस्टार्सने मात्र खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेले होते आणि अमेरिकनांना ते काही आठवड्यांत परत मिळू लागले. तेवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, उपरोधाच्या लेखातसुद्धा. मग ३१ जुलै २०१२ रोजी तडजोड झाली. पोकरस्टार्सने कोणताही दोष कबूल न करता एकूण ७३ कोटी १० लाख डॉलर द्यायचे, त्यांपैकी १८ कोटी ४० लाख फुल टिल्टच्या अमेरिकेबाहेरील खेळाडूंना, उरलेले सरकारला, आणि या बदल्यात फुल टिल्ट ही प्रतिस्पर्धी कंपनीच त्यांनी घेऊन जायची. दंड भरायला गेलेला माणूस शेजारच्याचे दुकान काखोटीला मारून परत आला. दोन वर्षांनी हा सगळा पसारा अमाया या कॅनडाच्या कंपनीने ४.९ अब्ज डॉलरला विकत घेतला.

यावर आपण म्हणाल, की मग कायदेशीर मार्ग खुला झाल्यावर तरी हिशेब बदलला असेल. बदलला, पण तो फिरवणारे हात वेगळे होते. २०१३ साली नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांच्या हद्दीत ऑनलाइन पोकर कायदेशीरपणे सुरू झाला, आणि नेवाडाने २००६ नंतर अमेरिकनांना खेळू देणाऱ्यांना काही वर्षे बाहेर ठेवण्याची तरतूद केली. तिला ‘बॅड अॅक्टर’ कलम म्हणतात. मराठीत आपण तिला सोवळ्याचे कलम म्हणू. पोकरस्टार्सने न्यू जर्सीत शिरण्यासाठी अटलांटिक सिटीतील अटलांटिक क्लब हा डबघाईला आलेला कॅसिनो १ कोटी ५० लाख डॉलरला घेण्याचा करार केला. प्रस्थापित कॅसिनोंच्या राष्ट्रीय संघटनेने, अर्थातच जुगाराच्या पावित्र्याच्या काळजीने, परवान्याला विरोध केला. मुदतीत परवाना मिळाला नाही, करार मोडला, आधी दिलेले १ कोटी १० लाख डॉलर विकणाऱ्यांकडेच राहिले आणि जानेवारी २०१४ मध्ये तो कॅसिनो बंद पडला. लास वेगासच्या मंडळींना नैतिकता कोणत्या क्षणी आठवते, याचे इतके अचूक वेळापत्रक अन्यत्र मिळणार नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात पार्टीपोकर न्यू जर्सीत परत आले, सात वर्षे सोवळ्यात राहिल्याचे पुण्य गाठीशी घेऊन. एका खंडाएवढ्या बाजाराच्या बदल्यात त्यांना एक छोटे राज्य मिळाले. मालक बदललेल्या पोकरस्टार्सला २०१५ साली मंजुरी मिळाली आणि २०१६ साली तेही शेजारी येऊन बसले.

आपण हे दुकान इथे काढणार असाल, तर आपला देशही मागे नाही हे कळवण्यास आनंद वाटतो. २० आणि २१ ऑगस्ट २०२५ अशा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली; कौशल्य की नशीब हा वाद निकाली न काढता रद्दच केला, दुकानदाराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड ठेवला, खेळणाऱ्याला सोडले, आणि बँकांना पैसे पोहोचवू नका असे बजावले. भारतातील ठळक पोकर साइटनी पैशांचे खेळ ताबडतोब बंद केले. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटीवर तोच खेळ तसाच चालू आहे, कारण तिथे इंटरनेट लागत नाही, जिना चढावा लागतो. आता परदेशातले कोणते दुकान वकिलाचे पान पुढे करून मागे राहते, तेवढे पाहायचे.

शेवटी खर्चाचा अंदाज, कारण प्रकल्प अहवालात तो मागतात. अनुराग दीक्षित यांची कंपनी कायदा होताच अमेरिकेतून निघून गेली होती. ते स्वतः डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात जाऊन गुन्हा कबूल करते झाले, ३० कोटी डॉलर देण्यास राजी झाले आणि त्यांना एक वर्ष देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. त्यांच्या कंपनीने वेगळे १० कोटी ५० लाख दिले. पोकरस्टार्सचे संस्थापक इसाय शाइनबर्ग यांची कंपनी मागे राहिली होती. तिचा दंड वर सांगितलाच आहे, आणि तो भरूनही ती अब्जांना विकली गेली. ते स्वतः २०२० साली हजर झाले, गुन्हा कबूल केला, आणि त्यांना वेगळा तुरुंगवास न होता ३० हजार डॉलर दंड झाला. आपल्या अंदाजपत्रकात ३० कोटी आणि ३० हजार यांपैकी कोणता आकडा धरायचा ते चार्टर्ड अकाउंटंटला विचारून ठरवावे. दंड भरल्याची पावती मात्र जपून ठेवावी, पुढे परवान्याच्या अर्जाला जोडावी लागते.